न नेलेले चेहरे

थोरली एकोणीस वर्षं एका दैनिकात 'आज शहरात' हे सदर लावत होती. 'लावत होती' हा शब्द तिचाच, कारण लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं. रोज बावीस ओळी. प्रत्येक ओळीत वेळ, ठिकाण, कार्यक्रम आणि शेवटी 'प्रवेश मुक्त' नाहीतर 'प्रवेशिका आवश्यक'. कार्यक्रम जास्त आले तर एखादा गळायचा, कमी पडले तर कायमच्या ठिकाणांपैकी एखादं आत यायचं: घंटाघर, तलावाकाठची बाग, कुलपांचं संग्रहालय. ऑफिसात तिला पाठीमागे 'बावीस ओळी' म्हणत. "बावीस ओळी आल्या का?" "बावीस ओळी आज छत्री विसरल्या." तिला हे ठाऊक होतं आणि तिची हरकत नव्हती. याहून वाईट नावं पडलेली माणसं त्याच ऑफिसात होती.

कामाची रीत साधी. रविवारचं सदर लावायचं तर मागच्या रविवारचं पान उघडायचं, तारीख बदलायची, संपलेलं काढायचं, नवीन आलेलं घालायचं, कायमचं तसंच ठेवायचं. शहरात कुठे काय चालतं हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं आणि त्यातलं तिने काहीही पाहिलेलं नव्हतं.

"तू म्हणजे स्टेशनावर घोषणा करणारी बाई आहेस," धाकटी म्हणायची. "सगळ्या गाड्या तोंडपाठ, बसली एकीतही नाहीस."

"कोणीतरी घोषणा करायला हवीच ना," थोरली म्हणायची.

धाकटी तिची बहीण. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघी राहत. लग्नं दोघींची राहून गेली. धाकटीचं थोरलीचं होईपर्यंत थांबून राहिलं आणि थोरलीचं असंच. धाकटी घरी लोकांच्या कपड्यांची उसवण-शिवण करायची आणि रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरांड्यात बसून काळ्या कागदातून माणसांचे चेहरे कापायची. समोरच्याला आडवं, म्हणजे एका बाजूला तोंड करून बसवायचं, पेन्सिल न लावता कात्री कपाळापासून सुरू करायची आणि नाक, ओठ, हनुवटी करत गळ्याशी थांबवायची. तीन मिनिटं. मग पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवून, वाळलं की हातात द्यायची. घेत काहीच नसे. काळा कागद थोरलीनेच आणलेला, छापखान्यात पूर्वी फिल्मची पाकिटं ज्यात यायची तो. फिल्म बंद झाली तेव्हा उरलेला गठ्ठा तिने मागून घेतला. अजून अर्धा कपाटावर होता.

'रविवार, स. १० ते १२. वाचनालयाचा वरांडा. कात्रीने चेहरे. प्रवेश मुक्त.' ही ओळ नऊ वर्षं सदरात होती.

"एकदा तरी येऊन बस ना," धाकटी म्हणायची. "सगळ्या गावाचं नाक कापून झालं. तुझंच राहिलंय."

"पुढच्या रविवारी."

अकरा महिन्यांपूर्वी धाकटी गेली. आठ दिवस ताप, नवव्या दिवशी दवाखाना आणि दहाव्या दिवशी ती नव्हती. पुढच्या आठवड्यात थोरली कामावर आली, बावीस ओळी लावल्या आणि घरी गेली. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीराचा त्यात काही संबंध नव्हता. दाढेला इंजेक्शन दिल्यावर होतं तसं तिला झालं होतं. जीभ लावून पाहावी, दाढ जागेवर आहे एवढं कळावं, बाकी काही नाही. ती जेवत होती, झोपत होती, दूधवाल्याशी दुधाच्या पातळपणावरून वाद घालत होती. केर काढताना काळ्या कागदाचे बारीक कुरळे कतरे निघायचे, पलंगाखालून, शिलाईयंत्राच्या पायाखालून, एकदा तर साबणाच्या डबीतून. आधी मूठभर, मग चार-दोन. गेल्या महिनाभरात एकही निघाला नव्हता. तिने हे पाहिलं होतं आणि केरसुणी जागेवर ठेवली होती.

मग पुस्तिकेचं काम आलं.

पालिकेला 'शहरात काय पाहाल' अशी पुस्तिका काढायची होती. बाहेरून येणाऱ्यांसाठी वीस ठिकाणं. छपाई दैनिकाकडे, आणि यादी साहजिकच 'आज शहरात'मधून. मागच्या पुस्तिकेने लोकांना मत्स्यालय पाहायला पाठवलं होतं. ते बंद होऊन चार वर्षं झाली होती आणि आत पालिकेचाच जुन्या खुर्च्यांचा साठा होता. म्हणून या वेळी तिथल्या कारकुनाने एक तक्ता केला होता. ठिकाण, वेळ, पुढे 'आहे' आणि 'नाही' असे दोन चौकोन आणि त्यापुढे 'स्वतः जाऊन पाहिले', खाली सही. सोमवारी तक्ता परत हवा होता.

"ताई, सतरा नंबर ठेवायचा ना?" पानं लावणाऱ्याने विचारलं. तो तिच्या शेजारच्या टेबलावर बसे. तिशीचा, दिवसभर कानात वायर घालून काम करणारा. आत्ता त्याने वायर काढून विचारलं होतं.

"सतरा कुठला?"

"वाचनालयाचा वरांडा. कात्रीने चेहरे."

थोरलीने त्याच्या पडद्याकडे पाहिलं. ओळ तिथे होती.

"ही कधीपासून जातेय?"

"कधीपासून म्हणजे? जातेच आहे. दर रविवारी." त्याने आवाज उतरवला. "आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलीय. साहेबच म्हणाले होते, त्या ओळीला कोणी हात लावू नका. त्यांना वाटेल तेव्हा त्या काढतील."

"मुद्दाम," थोरली म्हणाली.

तिने आपल्या मशीनवर येता रविवार उघडला; रविवारचं सदर पुरवणीत जायचं आणि ती छापून झाली होती. मग त्याच्या मागचा. ओळ सगळीकडे होती, वरून सातवी. सत्तेचाळीस रविवार तिने तारीख बदलली होती, काना-मात्रा तपासली होती, एकदा तर 'वरांडा'च्या 'रां'वरचा निसटलेला अनुस्वारही दिला होता. आणि वाचलं नव्हतं. एकोणीस वर्षांत तिच्या हातून मेलेल्या माणसाचा कार्यक्रम कधी गेला नव्हता. भाषणाचा वक्ता दुपारी वारला तर संध्याकाळी ती ओळ काढत असे, चहा पिता पिता.

"मग ठेवू?" त्याने विचारलं.

"तक्त्यात काय लिहिलंय? स्वतः जाऊन पाहायचं. पाहते."

"ताई, त्याला कशाला जायला हवं? आपल्याला माहीत..." तो थांबला. वायर हातात घेऊन तो तिच्याकडे बघत राहिला. "मी करू का सही?"

"तू पाहणार आहेस का जाऊन?"

"नाही."

"मग नको."

खोडायला एक कळ पुरे होती. पण 'नाही'च्या चौकोनात खूण करून त्यापुढे सही, तीही स्वतःच्या हाताने, हे दुसरं काम होतं. तिला ते कठीण वाटलं असंही नाही. ते सोमवारच्या आत करायचं होतं, एवढंच.

एकोणीस वर्षं ज्याच्या ओळी लावल्या ते शहर थोरलीने चार दिवसांत पायी पाहिलं. घंटाघर ती लिहीत असे त्याहून बुटकं होतं. वर जायला किती पायऱ्या आहेत हे तिला पाठ होतं. अर्ध्यावर दम लागतो हे माहीत नव्हतं. वरून सायकलच्या दुकानाचं छप्पर दिसलं, त्यावर त्यांच्या खोलीची खिडकी आणि खिडकीत आठवडाभर विसरलेला टॉवेल. तिने 'आहे'वर खूण केली.

कुलपांच्या संग्रहालयात तिकीट देणारी बाई चष्म्यावरून बघत म्हणाली, "एक?" तिच्या मागे भिंतीवर काळा चेहरा टांगला होता, पांढऱ्या पुठ्ठ्यावर. चष्मा, वरती उंच बांधलेला अंबाडा. थोरलीने बाईकडे पाहिलं. आता अंबाडा नव्हता, केस कापलेले होते.

"बहिणीने केलाय माझ्या," थोरली म्हणाली.

"अगं बाई, तुम्ही त्यांच्या थोरल्या?" बाईने तिकीट परत घेतलं. "जा, जा आत. तुमच्याकडून कसलं तिकीट? आणि पेपरात अजून ठेवलंय तुम्ही त्यांना, मी दर रविवारी बघते हं. बरं वाटतं बघून."

थोरली "हं" म्हणाली आणि एकशे साठ कुलपं बघून आली.

तारेचे पक्षी करणारा म्हातारा गल्लीच्या टोकाला एका गॅरेजमध्ये बसायचा. कळ फिरवली की पक्षी मान हलवत. त्याच्याही दाराशी त्याचा चेहरा होता, मोठ्या कानासकट.

"कान जरा लहान करा म्हटलं होतं मी," तो म्हणाला. "तर म्हणाल्या, कान लहान केला तर तुमची बायको दुसऱ्याचा समजून फेकून देईल." तो हसला. मग हसू आवरलं. "दर रविवारी ओळ येते. आमच्या मंडळींनी तर कात्रण ठेवलंय. मोठं मन लागतं असं करायला."

"माझं काही मोठं मन नाही," थोरली म्हणाली.

"असं मोठ्या मनाचेच म्हणतात."

बागेतल्या नौकेवाल्याच्या खोक्यावर चेहरा होता. बुधवारी शाळेच्या सभागृहात गाणाऱ्या बायकांच्या पेटीवर तर सात चेहरे ओळीने चिकटवले होते, आणि सातही बायकांनी थोरलीला गराडा घालून एकच प्रश्न विचारला, "तुमचा कुठाय? घरी लावला असेल ना, मोठा?" ती "हो" म्हणाली. चार दिवसांत बोललेलं हे एकच खोटं, आणि तेही वेळ वाचवायला.

शनिवारपर्यंत एकोणीस चौकोन भरून झाले. सतरावा राहिला.

रविवारी दहाला पाच मिनिटं असताना ती वाचनालयाशी आली. वरांडा लांब आणि अरुंद होता, खाली करड्या फरशा, एका टोकाला उजेड. त्या उजेडात एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. वाचनालयाचा शिपाई फडक्याने टेबल पुसत होता.

"या," तो म्हणाला. "ताईंच्या थोरल्या ना तुम्ही? बाजूने बघितलं की कळतं. नाक तेच आहे."

"हे टेबल कोणासाठी?"

"तुमच्याच ओळीसाठी. दहा ते बारा." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. "पेपरात येतंय म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा?"

"लोक येतात?"

"येतात की. गावातले नाही येत, त्यांना माहितीय. लॉजवर उतरलेले येतात पेपर बघून."

"त्यांना काय सांगता?"

"आज नाहीत, म्हणतो." शिपायाने एक खुर्ची सरळ केली. "खोटं नाही ना ते."

तेवढ्यात एक जोडपं जिना चढून आलं. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. माणसाच्या हातात घडी घातलेला पेपर होता. कोणी काही बोलायच्या आत मुलगी उजेडातल्या खुर्चीवर चढली, आडवी बसली आणि हनुवटी वर केली. पाय जमिनीला पुरत नव्हते. एक सँडल खाली पडली.

"हलायचं नाही ना?" तिने समोरच्या भिंतीला विचारलं.

"त्या कधीपर्यंत येतील?" माणसाने विचारलं.

शिपाई थोरलीकडे बघू लागला.

"येणार नाहीत," थोरली म्हणाली.

"अहो, आजच्या पेपरात आहे. हे बघा." त्याने घडी उलगडून बोट ठेवलं. सातवी ओळ.

"पेपर चुकलाय. त्या वारल्या. अकरा महिने झाले."

हे वाक्य तिने या आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, सगळ्यांना आधीच माहीत होतं. ते बोलून झालं आणि तिला काही झालं नाही. सँडल उचलून द्यावी असं तेवढं वाटलं.

"मग छापता कशाला?" माणूस चिडला होता, आणि चिडल्याची लाजही त्याला वाटत होती, त्यामुळे आवाज आणखी चढला. "उन्हातून दोन बस बदलून आलो आम्ही. पोरीला सकाळी उठल्या उठल्या सांगून ठेवलंय. कोण करतं हे असलं काम?"

"मी. ते सदर मी लावते. माझी बहीण होती. ओळ काढायची माझ्याकडून राहिली."

"अहो, जाऊ द्या," त्याची बायको म्हणाली.

"राहिली?" शिपायाने विचारलं. माणसापेक्षा त्यालाच जास्त धक्का बसलेला दिसला. "म्हणजे तुम्ही ठेवली नव्हती?"

"दिसली नाही मला."



"मग मी उतरू?" मुलीने भिंतीला विचारलं.

"उतर," थोरली म्हणाली आणि सँडल तिच्या पायात घातली.

शिपाई आत गेला. तो आता टेबल आवरेल असं थोरलीला वाटलं, पण तो एक लांबट लाकडी खण घेऊन आला. वाचनालयात पूर्वी पुस्तकांची कार्डं ज्यात असत तसा, पुढे पितळी मूठ असलेला. आत कार्डांऐवजी काळे चेहरे उभे लावले होते, गच्च.

"हे न नेलेले," तो म्हणाला. "डिंक वाळायला अर्धा तास लागायचा. लोक म्हणायचे बाजारात जाऊन येतो, आणि यायचेच नाहीत. ताई फेकू द्यायच्या नाहीत. आता तुम्ही आलाच आहात तर सांगा. वाचनालयाला हा खण परत हवाय."

थोरलीने मोजले. त्र्याऐंशी. पाठीमागे फक्त तारीख, धाकटीच्या अक्षरात. नाव कोणाचंच नाही. मुलगी तिच्या कोपराखालून डोकावत होती. तिने एक कार्ड उचललं, थोरलीच्या तोंडाशेजारी धरलं आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"ही तुम्ही."

"नाही. मी कधी बसलेच नाही."

"मग कोण आहे?"

"माहीत नाही. असेल कोणीतरी इथलं."

"मी घेऊ?"

"तो ज्याचा त्याचा आहे," थोरली म्हणाली. "ते यायचेत अजून."

हे तिने मुलीला गप्प करायला म्हटलं होतं. बोलल्यावर तिने खणाकडे पुन्हा पाहिलं. मग पर्समधून तक्ता काढला, टेबलावर सपाट केला, सतराव्या ओळीतला 'कात्रीने चेहरे' हा मजकूर एका रेघेने खोडला, वर बारीक अक्षरात दुसरा लिहिला आणि 'आहे'च्या चौकोनात खूण करून सही केली. सही नेहमीसारखीच आली.

सोमवारी पानं लावणाऱ्याने तिच्यासमोर ती ओळ टाईप केली, पुस्तिकेसाठी आणि येत्या रविवारच्या सदरासाठीही. 'वाचनालयाचा वरांडा. रविवार, स. १० ते १२. न नेलेले चेहरे. आपला असल्यास ओळखून न्यावा. प्रवेश मुक्त.'

"सगळे नेले की मग?" त्याने विचारलं. "पुस्तिका पाच वर्षं चालणार आहे."

"मग 'नाही'वर सही करीन. आता दुरुस्ती घे."

दुरुस्तीचा मजकूर दोघांनाही पाठ होता. 'अनवधानाने प्रसिद्ध झाले. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' त्याने बोटं कळांवर ठेवली आणि थांबला.

"किती अंक लिहू? 'काही अंकांत' म्हणतात ताई, अशा वेळी."

"सत्तेचाळीस."

"एवढं कोणी लिहीत नाही."

"सत्तेचाळीस लिही. आणि ती वारली आहे, तेही लिही. तारखेसकट."

त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवशी पेपर आल्यावर तारेच्या पक्ष्यांवाल्याचा फोन आला. तो बराच वेळ घसा खाकरत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे ते तसं नव्हतं तर."

"नव्हतं."

"आमच्या मंडळींनी कात्रण काढून ठेवलंय," तो म्हणाला. "राहू दे का?"

"राहू दे," थोरली म्हणाली.

पुढच्या रविवारी ती दहाला वरांड्यात जाऊन बसली. धाकटीच्या खुर्चीत बसली नाही. त्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, म्हणून शिपायाकडून तिसरी मागून घेतली. अकरापर्यंत कोणी आलं नाही. सव्वाअकराला भाजीची पिशवी घेतलेली एक जाडशी बाई आली, पिशवी टेबलाखाली सरकवली आणि उजेडात एका बाजूला तोंड करून उभी राहिली.

"बघा बाई, यातली कुठली मी? पाच-सहा वर्षं झाली असतील. डाळ शिजत ठेवून आले होते, म्हणून थांबले नाही."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. असं कोणाच्या तोंडाकडे तिने अकरा महिन्यांत पाहिलं नव्हतं. कपाळ सरळ, नाकाच्या मध्ये किंचित उंचवटा, खालचा ओठ पुढे. तिने खणात बोट फिरवलं, दोन कार्डं बाजूला काढली, एक परत ठेवलं.

"ही."

बाईने कार्ड लांब धरलं. "हनुवटी एकच आहे हो हिला."

"तेव्हा एकच असेल."

बाई खो-खो हसली. "तुम्हीही त्यांच्यासारख्याच की. तुमचा नाही का यात?"

"नाही. पुढच्या रविवारी बसते म्हणायचे."

बाईने मान हलवली. कार्डाच्या पाठीला काळ्या कागदाचा एक बारीक कतरा चिकटला होता, नखाएवढा, कुरळा. थोरलीने कार्ड घेऊन सवयीने फुंकर मारली आणि परत दिलं. मग ती एकदम खाली वाकली. टेबलाखाली पाहिलं, पिशवी हलवली, फरशीच्या फटीतून बोट फिरवलं. कतरा कुठे गेला ते कळेना.

"काय पडलं?" बाईने विचारलं.

थोरली गुडघ्यांवर होती. जिन्यावरून आणखी कोणीतरी वर येत होतं, पावलांचा आवाज ऐकू येत होता. तिने टेबलाची कड धरली आणि उठली.

"काही नाही," ती म्हणाली, आणि आलेल्या माणसाला हाताने खुर्ची दाखवली. "जरा आडवे बसा. उजेडाकडे."